वारा नेमका कोणाच्या मालकीचा?

"शोध लागले आणि समाज बदलला" हे वाक्य आपण शाळेपासून इतक्या वेळा लिहिलंय की आता ते झोपेतसुद्धा लिहिता येईल. चाकाचा शोध लागला, माणूस पुढे गेला. नांगर आला, माणूस आणखी पुढे गेला. कागद आला, होकायंत्र आलं, तोफेची दारू आली... आणि माणूस पुढे पुढे जातच राहिला! निबंधाला दहापैकी सात मार्क पक्के.

पण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोचल्यावर तरी या वाक्याबद्दल एक शंका यायला हवी. "माणूस" पुढे गेला म्हणजे नेमका कोण? सगळे एकदम? की काही जण पुढे गेले आणि बाकीचे त्यांचं ओझं उचलून मागून चालत राहिले?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना सबमिशन पूर्ण करायचंय ते पान उलटू शकतील. माझ्या मते शोध समाजाला फक्त ताकद देतो. त्या ताकदीचं काय होणार हे यंत्राचा मालक ठरवतो, आणि तो मालक कोण असावा हे समाज ठरवतो. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द डोकावणारच. मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

आता नुसतं मत मांडून भागत नाही, व्हायवात "एक्झाम्पल द्या" असं विचारतातच. म्हणून मी एकच उदाहरण घेते. रॉकेट नाही, तोफ नाही, अगदी साधी गोष्ट : पीठ दळणं.

धान्य दळल्याशिवाय भाकरी नाही, त्यामुळे शेतीइतकंच दळणही जुनं आहे. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी अबू हुरेरा नावाचं एक प्राचीन गाव होतं. आज ते धरणाच्या पाण्याखाली आहे. पण बुडण्याआधी तिथे उत्खनन झालं आणि हजारो वर्षांपूर्वीचे सांगाडे मिळाले. त्यांचा अभ्यास थेया मॉलेसन या शास्त्रज्ञ बाईंनी केला. अनेक बायकांच्या पायाच्या अंगठ्यांची हाडं, गुडघे आणि कमरेचे मणके झिजलेले होते. कारण? रोज तासन् तास गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं जमिनीला रेटून, दगडावर दगड पुढे-मागे घासायचा. म्हणजे "शेतीच्या क्रांतीचा" हिशोब बायकांच्या हाडांवर लिहिलेला सापडला. आपल्या पुस्तकात मात्र एवढंच असतं की, माणूस शेती करू लागला.

मग पुढे-मागे घासण्याऐवजी गोल फिरणारं जातं आलं. आत्तापर्यंत मिळालेली सगळ्यात जुनी फिरती जाती स्पेनच्या ईशान्य भागातली आहेत, साधारण इ.स. पूर्व पाचव्या शतकातली. रेसिप्रोकेटिंग मोशनच्या जागी रोटरी मोशन! मेकॅनिकलवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एकदा गोष्ट गोल फिरायला लागली की ती माणसानेच फिरवायला हवी असं काही राहत नाही. गाढव फिरवेल, पाणी फिरवेल, वारा फिरवेल.

रोमन लोकांनी आधी गाढव जुंपलं. इटलीतलं पॉम्पेई शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यामुळे तिथल्या बेकऱ्या जशाच्या तशा राहिल्या. 2023 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या एका नव्या बेकरीच्या उत्खननाची माहिती जाहीर झाली. खोली अंधारी. बाहेर बघायला खिडकी नाही. ज्या लहान खिडक्या आहेत त्यांना लोखंडी गज. गाढवांनी कुठे पाऊल टाकायचं हे कळावं म्हणून फरशीत अर्धगोल खाचा. संशोधकांच्या मते इथे गुलाम माणसं आणि गाढवं एकत्र कोंडून ठेवत असत. जातं चांगलं झालं होतं, गिऱ्हाइकाला ताजा पाव मिळत होता. फक्त फिरवणाऱ्याला बाहेरचं ऊन दिसत नव्हतं.

याच काळात पाणचक्की आली. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन इंजिनिअरने इ.स. पूर्व पहिल्या शतकात तिचं वर्णन लिहून ठेवलंय. उभं चाक पाण्यात, त्याच्या आसाला दातेरी चाक, ते दुसऱ्या आडव्या दातेरी चाकात अडकवलेलं आणि त्यावर जात्याचा दगड. नव्वद अंशात गती वळवायची युक्ती दोन हजार वर्षांपूर्वी तयार होती! आणि ताकद केवढी? माणूस सतत काम करताना साधारण 75 वॅट देतो, म्हणजे हॉर्सपॉवरचा दहावा भाग. पाण्याचं साधं चाक दोन हॉर्सपॉवर जरी देत असलं तरी ते वीस माणसांचं काम झालं. तेही न थकता, न जेवता. दक्षिण फ्रान्समध्ये आर्ल शहराजवळ बार्बेगाल इथे तर इ.स. दुसऱ्या शतकात डोंगराच्या उतारावर आठ-आठच्या दोन रांगांत सोळा चाकं बसवली होती. वरच्या चाकाचं पाणी खालच्या चाकावर पडायचं. रोज काही टन पीठ! पूर्वीचे इतिहासकार म्हणायचे की गुलाम फुकट मिळत असल्याने रोमन लोकांनी पाणचक्की फारशी वापरलीच नाही. पण पुढच्या उत्खननांत इतक्या पाणचक्क्या निघाल्या की ते मत आता मागे पडलंय.

अँटिपेटर नावाच्या एका ग्रीक कवीने पाणचक्कीवर एक छोटी कविता केली होती. तिचा विषयच मुळी हा, की दळणाऱ्या बायकांना आता विश्रांती मिळणार. मला हे फार आवडलं. यंत्र बघून पहिला विचार कोणाचा आला? तर जिचे हात दुखत होते तिचा! माझ्या मते कुठल्याही शोधाकडे असंच बघायला हवं.

पण पुढे तसं झालं का? आता मध्ययुगात येऊ या.

इंग्लंडच्या राजाने 1086 मध्ये सगळ्या देशाची मोजदाद करून एक नोंदवही बनवली, तिला "डूम्सडे बुक" म्हणतात. त्या नोंदीत साडेपाच हजारांहून जास्त गिरण्या आहेत. म्हणजे साधारण दर पन्नास घरांमागे एक. केवढी ही प्रगती! पण त्याच काळात इंग्लंड-फ्रान्समध्ये एक कायदाही घट्ट झाला. जहागीरदाराच्या हद्दीतल्या कुळांनी धान्य जहागीरदाराच्याच गिरणीत दळायचं आणि पिठातला ठरलेला वाटा तिथे ठेवून यायचा. दुसऱ्याच्या गिरणीत गेलात तर दंड. आणि घरी हाताने दळलंत तर? तोही गुन्हा!

बघा हं, गंमत बघा. ज्या यंत्राने बाईचे कष्ट वाचवायचे, त्या यंत्राच्या नावाखाली तिच्या घरातलं जातंच बेकायदा ठरलं. गिरणीच चांगली असती तर लोक आपणहून आले असते. सक्ती का करावी लागली? कारण गिरणीवाल्याची रांग, त्याचा वाटा आणि त्याची मर्जी सांभाळण्यापेक्षा गरिबाला पहाटे उठून हाताने दळणं परवडत होतं. मार्क ब्लॉक नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने 1935 मध्ये पाणचक्कीवर एक मोठा लेख लिहिला, त्यात त्याने हाच मुद्दा मांडलाय. कार्ल मार्क्सने हाताच्या जात्याची सांगड सरंजामशाहीशी घातली होती. ब्लॉकने दाखवलं की सरंजामदाराचं खरं यंत्र पाणचक्की होती आणि हातजातं ही त्याच्याविरुद्ध असलेल्या माणसाची वस्तू होती.

आता दोन गोष्टी सांगते. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही मठांच्या त्या काळच्या बखरींत नोंदलेल्या आहेत.

पहिली 1191 सालची. इंग्लंडमध्ये बरी सेंट एडमंड्स इथे मोठा मठ होता आणि सॅमसन हा त्याचा प्रमुख. तिथे हर्बर्ट नावाच्या एका डीनने (आपल्या कॉलेजातले डीन नव्हेत, चर्चमधले!) स्वतःच्या जमिनीवर पवनचक्की उभारली. युरोपात तेव्हा पवनचक्की अगदी नवीन होती, जेमतेम दहा-पंधरा वर्षांची. नदीचं पाणी, बांध हे एक वेळ मठाचं असेलही. पण वारा? वाऱ्याचा फायदा सगळ्यांना मोकळा आहे, तो कोणी कोणाला नाकारू नये, असं त्याचं म्हणणं. शिवाय मी फक्त माझंच धान्य दळीन, असंही तो म्हणाला. सॅमसन भडकला. शहरातले लोक तुझ्याकडे दळायला येतील आणि माझ्या गिरण्यांचं नुकसान होईल, असा त्याचा हिशोब. ती चक्की पाडेपर्यंत मी भाकरी खाणार नाही, अशी त्याने शपथच घेतली. शेवटी घाबरून हर्बर्टने स्वतःच चक्की पाडली. मठाची माणसं पाडायला आली तेव्हा तिथे पाडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तंत्रज्ञान होतं, जागा होती, वारा होता, इंजिनिअर होता. नव्हती ती फक्त परवानगी. आणि आपण लिहितो, "शोध लागला की समाज बदलतो"!

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त बोचायला हवी, कारण तिच्यात आपल्यातलाच एक जण आहे. रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. लोहाराचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला, ऑक्सफर्डला शिकलेला आणि 1327 मध्ये सेंट ऑल्बन्सच्या मठाचा प्रमुख झालेला. गणितात आणि यंत्रात त्या काळात त्याच्या तोडीचा माणूस इंग्लंडमध्ये मिळणं कठीण. त्याने एक खगोलीय घड्याळ बनवायला घेतलं, ज्यात सूर्य-चंद्राची गती तर दिसायचीच, पण लंडन ब्रिजजवळची भरती-ओहोटीसुद्धा कळायची. सगळं गिअर्सवर! अंगात कुष्ठरोग मुरलेला, तरी काम चालूच. राजा एडवर्ड तिसरा एकदा मठात आला आणि म्हणाला की मठाची इमारत मोडकळीला आली असताना घड्याळावर एवढा खर्च कशाला? तेव्हा रिचर्डने उत्तर दिलं की इमारत दुरुस्त करणारे माझ्यानंतर पुष्कळ येतील, हे घड्याळ मात्र माझ्यामागे कोणाला पुरं करता येणार नाही. काय उत्तर आहे! आपल्यापैकी कोणालाही पोस्टर करून हॉस्टेलच्या भिंतीवर लावावंसं वाटेल.

पण याच रिचर्डने 1331 च्या सुमारास शहरातल्या लोकांना हरवून त्यांच्या घरातली हातजाती मठात जमा करून घेतली. आणि त्या दगडांचं काय केलं? मठातल्या बैठकीच्या खोलीची फरशी म्हणून ते बसवले. येता-जाता त्यावर पाय पडावेत आणि शहराला आपली जागा कळावी म्हणून. त्याची बाजूही सांगायला हवी : मठ कर्जात बुडाला होता आणि गिरण्यांचं उत्पन्न त्याला हवं होतं. तरी विचार करा, एकाच छपराखाली एका बाजूला त्या युगातलं सर्वोत्तम यंत्र तयार होतंय आणि दुसऱ्या बाजूला बायकांची जाती फरशीत गाडली जातायत. दोन्हींमागे डोकं एकच.

लोक विसरले नाहीत. पन्नास वर्षांनी, 1381 मध्ये, इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. सेंट ऑल्बन्सचे लोक मठात घुसले आणि त्यांनी ती फरशी उखडली. जात्याचे दगड फोडून, चर्चमधल्या प्रसादासारखे त्याचे तुकडे सगळ्यांनी वाटून घेतले. दळायला त्या तुकड्यांचा काहीच उपयोग नव्हता. पण ज्यांनी ते घरी नेले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा त्या वेळी जन्मही झाला नसेल. आजीच्या जात्याची गोष्ट त्यांनी ऐकलेली असणार. बंड मोडलं गेलं. त्यांचा पुढारी विल्यम ग्राइंडकॉब फासावर गेला. फ्रान्समध्ये तर गिरणीची ही सक्ती 1789 च्या क्रांतीनंतरच संपली.

आता कोणी म्हणेल, जहागीरदार नसता तर गिरणी बांधली कोणी असती? बांध घालायचा, कालवा खणायचा, चांगला दगड लांबून आणायचा, हा काय एका शेतकऱ्याचा घास आहे? मुद्दा बरोबर आहे. भांडवल लागतंच, आणि घातलेला पैसा परत मिळेल याची खात्रीही लागते. पण त्यासाठी जहागीरदारच हवा असं नाही, याचाही पुरावा आहे. फ्रान्सच्या तुलूझ शहरात गारोन नदीवर बाझाकल नावाच्या गिरण्या होत्या. त्या मध्ययुगातच नागरिकांनी भागीदारीत चालवल्या. गिरणीचे हिस्से होते, ते विकता-घेता यायचे, फायदा वाटला जायचा. म्हणजे आपल्या शेअर बाजाराचे पणजोबाच! ती कंपनी पुढे कित्येक शतकं टिकली, एकोणिसाव्या शतकात त्याच पाण्यावर वीज बनवू लागली आणि 1946 मध्ये फ्रान्सच्या सरकारने वीज कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा तीही त्यात गेली. नदी तीच, चाक तेच, दातेही तेच. मालकी बदलली आणि गिरणीचा सगळा स्वभावच बदलला.

आपल्याकडेही एक नमुना आहे. छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचं औरंगाबाद) पाणचक्की आपल्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीत बघितली असेल. ही अठराव्या शतकातली, म्हणजे मध्ययुगानंतरची. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी चाक फिरवलं आणि त्यावर दळलेलं पीठ फकीर-यात्रेकरूंच्या जेवणासाठी. इथे गिरणी धर्मादाय होती. आपण मात्र तिथे जाऊन फोटो काढतो, भेळ खातो आणि बसमध्ये परत बसतो. असो!

महाराष्ट्राबद्दल आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बारा बलुतेदारांची यादी आठवा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट... पीठ दळणारा कुठेय? नाहीच. इंग्लंडमध्ये "मिलर" हे आडनाव गल्लोगल्ली, कारण गिरणीवाला हा तिथला धंदा होता. आपल्याकडे दळण हा धंदाच नव्हता, कारण ते काम घरातली बाई पहाटे उठून बिनपगारी करत होती. म्हणजे गिरणी सक्तीची झाली तरी बाईचं नुकसान आणि गिरणी आलीच नाही तरी बाईचेच हात! तिने त्या वेळात ओव्या रचल्या हे तिचं मोठेपण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तो केवढा मोठा ठेवा आहे. पण त्या ओव्यांचं कौतुक करताना "ती जुनी जाती किती छान" असं म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, एकदा पायलीभर ज्वारी हाताने दळून बघा. विजेची गिरणी आली आणि डोक्यावर डबा घेऊन बायका रांगेत उभ्या राहिल्या, ही माझ्या मते महाराष्ट्रातल्या मोठ्या क्रांत्यांपैकी एक आहे. पुस्तकात तिला एक ओळही मिळत नाही, ते सोडा.

म्हणजे मी यंत्राच्या विरोधात नाही, हे लक्षात घ्या. मी मेकॅनिकलला आहे, यंत्राच्या विरोधात जाऊन पोट कसं भरेल? माझा मुद्दा एवढाच की यंत्र चांगलं आहे का, हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा : ते कोणाचं आहे, त्याचा वाटा कोण घेणार, आणि ते नको असेल तर घरी हाताने दळायची मुभा आहे का?

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आजूबाजूला बघा. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी लाखो रुपयांचे ट्रॅक्टर घेतले, पण त्यातलं सॉफ्टवेअर कुलूपबंद. बिघाड झाला तर स्वतः किंवा गावातल्या मेकॅनिककडून दुरुस्ती नाही, कंपनीच्या माणसाचीच वाट बघायची. म्हणून कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतकऱ्याला दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. हे हातजात्याचंच भांडण नाही का? याउलट उदाहरणही आहे. वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र सर्न या संस्थेने 30 एप्रिल 1993 रोजी सगळ्यांसाठी मोकळं केलं. त्या दिवशी कोणी सॅमसन आडवा आला नाही आणि हर्बर्टची चक्की उभी राहिली. त्यावरच आपलं अर्धं शिक्षण आणि तीन चतुर्थांश टाइमपास चाललाय!

उद्या आपण कुठल्यातरी कंपनीत बसून काहीतरी डिझाइन करू. एखादं मशीन, एखादं अॅप, एखादा अल्गोरिदम. आपल्याला एफिशिअन्सी विचारतील, कॉस्ट विचारतील, डेडलाइन विचारतील. "यामुळे कोणाचं जातं फरशीत जाणार?" हे कोणीही विचारणार नाही, कारण तो सिलॅबसमध्ये नाही. रिचर्डलाही कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून एक सूचना करते, पटली तर घ्या. फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये अॅकनॉलेजमेंट असते, अॅब्स्ट्रॅक्ट असतो, फ्यूचर स्कोप असतो (जो मागच्या बॅचचा कॉपी-पेस्ट असतो). त्यात आणखी एक पान घाला. त्यावर तीनच प्रश्नांची उत्तरं लिहा. हे यंत्र कोणाच्या मालकीचं असेल? याचा वापर करणाऱ्याला त्याचे काय द्यावं लागेल? आणि हे बिघडलं तर त्याला ते स्वतः उघडता येईल का? मार्क मिळणार नाहीत, एक्स्टर्नल बहुतेक ते पान उलटून पुढे जातील. तरी लिहा. कारण गिअरचे दाते किती ठेवायचे हे आपण ठरवतो, आणि ते ठरवणाऱ्याने एवढे तीन प्रश्न तरी विचारलेले असावेत.